लाल कोट कोण घालणार? सीताबर्डीची लढाई उभी करण्यात गेलेले एकोणीस महिने

१९ जानेवारीला नागपुरात मैदानावर सीताबर्डीच्या लढाईचा आमचा प्रयोग झाला, त्याला आता दीड महिना होत आला आणि माझा डावा गुडघा जिना उतरताना अजून कुरकुरतो. पण या दीड महिन्यात दहा-बारा जणांनी फोन करून तेच तेच विचारलं, की ताई आम्हालाही असा ग्रुप काढायचाय, परवानगी कुठून घेतली, तलवारी चालतात का, रजिस्ट्रेशन लागतंच का, पैसे किती गेले. प्रत्येकाला पहिल्यापासून सांगत बसले तर नोकरी जाईल, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. लांबलंय, चहा घेऊन बसा.

सुरुवात २६ जानेवारी २०२३ ची. सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, प्रजासत्ताक दिनासारख्या ठरावीक दिवशी आपल्यासारख्यांना आत सोडतात, तर भाच्याला घेऊन रांगेत उभी राहिले. दहा वर्षांचा पोरगा, वर पोचल्यावर शहर बघायचं सोडून मला विचारतो, मावशी इथे लढाई झाली ना, मग कोण जिंकलं? मी बिनधास्त म्हटलं, आपण. घरी आल्यावर म्हटलं वाचून तर पाहू, आणि वाचल्यावर लाजच वाटली. बर्डीतून मी रोज जाते, मेट्रो तिथेच बदलते, आणि आपण तिथे हरलो एवढंही मला माहीत नव्हतं.

ज्यांना माझ्यासारखंच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लढाई २६ नोव्हेंबर १८१७ च्या संध्याकाळी सुरू झाली आणि दुसऱ्या दिवशी संपली. एका बाजूला नागपूरच्या आप्पासाहेब भोसल्यांची फौज, इंग्रजी नोंदींमध्ये आकडा अठरा हजारांच्या आसपास, त्यात तीनेक हजार अरब. दुसऱ्या बाजूला रेसिडेंट (दरबारातला इंग्रजांचा वकील) जेन्किन्स आणि कर्नल स्कॉटच्या हाताखालची ईस्ट इंडिया कंपनीची जेमतेम दीड हजाराची तुकडी, म्हणजे मद्रासच्या २० व्या आणि २४ व्या पलटणी आणि बंगालचे घोडेस्वार. टेकड्या दोन, एक मोठी एक छोटी. रात्री उशिरापर्यंत गोळीबार, सकाळी अरबांनी छोटी टेकडी घेतली, कंपनीचं संपलंच असं वाटत असताना कॅप्टन फिट्झजेराल्डने घोडदळ घातलं, मग छोट्या टेकडीवर अरबांच्यातच दारूगोळा फुटला आणि त्या गोंधळात पायदळाने टेकडी परत घेतली. कंपनीचे मेलेले आणि जखमी मिळून ३६७. तीन आठवड्यांनी १६ डिसेंबरला शहराजवळ आणखी एक लढाई झाली आणि मग भोसल्यांचं राज्य नावापुरतंच राहिलं, १८५४ ला तेही खालसा.

म्हणजे लढाई सोपी आहे, दोन टेकड्या आणि एक दिवस. आपण ती उभी करू शकतो असं मला वाटलं. या वाक्याची किंमत पुढे कळेलच.

पहिली बैठक ११ जून २०२३, महाल भागात एका मित्राच्या वाड्याच्या ओसरीवर. नऊ जण आलो. दोघं आखाड्यात लाठीकाठी करणारे, एक इतिहासाचे निवृत्त मास्तर, एक नाटकवाला, एक कॉलेजमध्ये एनसीसी केलेली मुलगी, बाकी माझ्यासारखे हौशी. सगळ्यांना भोसल्यांकडून लढायचं होतं. मी विचारलं, आणि कंपनीकडून? ओसरीवर एकदम शांतता. शेवटी नाटकवाला म्हणाला, "ते पाहू बे नंतर." ते नंतर आम्हाला चांगलं दीड वर्ष पुरलं.

मला सचिव केलं, कारण मला मराठी टायपिंग येतं. कोणी तुम्हाला विचारलं की टायपिंग येतं का, तर नाही म्हणा.

आता रजिस्ट्रेशन. नुसतं एकत्र येऊन सराव करायला काही लागत नाही, पण मैदान, बँक खातं, देणगी, पोलिसांकडे अर्ज, यातलं काहीही करायचं तर संस्था लागते. आपल्याकडे संस्था नोंदणी कायदा १८६० खाली संस्था म्हणून आणि मग महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५० खाली न्यास म्हणून, अशी दोन्हीकडे नोंद होते, दोन्ही कामं धर्मादाय खात्याकडेच. कमीत कमी सात सभासद लागतात. ज्ञापन, नियमावली, सभासदांची यादी, प्रत्येकाचं संमतीपत्र, आधार-पॅन, जागामालकाचं ना हरकत पत्र आणि त्या जागेचं वीजबिल. जागेचा पत्ता वाड्याचा दिला तर वाडा चार भावांच्या नावावर, चौघांच्या सह्या हव्या, त्यातला एक पुण्याला. तीन आठवडे त्यातच गेले. तर पहिली टिप हीच, पत्ता अशा घराचा द्या ज्याला एकच मालक आहे आणि तो तुमच्याशी बोलतो.

२४ जुलैला फाईल दिली. वकिलांनी ६,५०० घेतले, त्यात सगळा मसुदा आला. १८ ऑगस्टला त्रुटीचं पत्र. आम्ही मोठ्या उत्साहाने नावात "राष्ट्रीय" आणि "सैनिकी" दोन्ही घातलं होतं. वकीलसाहेब म्हणाले बोधचिन्हे आणि नावांचा १९५० चा कायदा आहे, असे शब्द सहजासहजी मिळत नाहीत, आणि "सैनिकी" वाचून कुणालाही वाटेल तुम्ही फौज उभी करून राहिले. मास्तर रुसले, ते नाव त्यांचं होतं. शेवटी साधं "इतिहास अभ्यास आणि सादरीकरण" या वळणाचं नाव दिलं, जे एखाद्या शाळेच्या कपाटावर लिहिल्यासारखं वाटतं पण पास झालं. अर्ज करताना नावाचे तीन पर्याय द्या, एकावर अडून बसू नका.

मधे २३ सप्टेंबरची ती पुराची रात्र आली. नागपूरकरांना सांगायला नको. आमचे खजिनदार अंबाझरी लेआऊटमध्ये तळमजल्यावर राहतात आणि सगळी मूळ कागदपत्रं त्यांच्याकडे. त्यांचा फ्रिज पाण्यावर तरंगत होता तिथे आमच्या फाईलचं काय घेऊन बसलात. आठवडाभर त्यांच्या घरातला गाळ काढला, मग एक दिवस वहिनींनी दोरीवर वाळत घातलेले कागद दाखवले, चिमटे लावून, कपड्यांसारखे, ज्ञापनावरची शाई निळी होऊन पसरलेली. सगळ्या सह्या पुन्हा. पुण्याच्या भावाचीही. स्कॅन करून ठेवा हो, त्याच दिवशी ठेवा.

संस्थेचं प्रमाणपत्र २२ डिसेंबर २०२३ ला मिळालं, न्यासाची नोंद १४ मार्च २०२४ ला. या काळात मी एका ऑफिसात अकरा चकरा मारल्या, त्यातल्या सहा वेळा "साहेब मीटिंगला" हे ऐकून परतले. एक युक्ती लागू पडली, दुपारी साडेतीननंतर जायचं. सकाळी गर्दी, जेवणानंतर सुस्ती, साडेतीनला चहा होऊन माणसं जरा मोकळी असतात. पॅन आणि बँक खात्याला मे उजाडला. आयकराच्या तेव्हाच्या १२ए (संस्थेला करमाफी) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) चा अर्ज सोबतच करून टाका, सुरुवातीला तात्पुरती नोंद मिळते, देणगीदार पहिला प्रश्न तोच विचारतात.

आता कपडे. हा भाग मला सगळ्यात आवडला आणि सगळ्यात जास्त भांडणं याच्यावरच झाली.

भोसल्यांच्या फौजेचं त्यामानाने बरं होतं. अंगरखे, चोळणे, मुंडासे, शेले, कापड गांधीबागेतून ठोक भावात, अर्धे अंगरखे आमच्या आयांनी शिवले. अरबांसाठी लांब झगे आणि कमरेला जंबिया, म्हणजे वाकडा खंजीर. अडलं ते कंपनीच्या शिपायांच्या लाल कोटापाशी. गांधीबागेतल्या दुकानदाराला लाल कापड मागितलं तर तो म्हणे कुठला लाल, नवरीचा, देवीचा की झेंड्याचा? मी मोबाईलवर फोटो दाखवला. "अरे हा तर बँडवाल्याचा लाल आहे ताई!" आणि तिथूनच आम्हाला आमचा टेलर मिळाला. हे काका लग्नाच्या बँडपथकांचे ड्रेस शिवतात, आयुष्यभर तेच केलंय, उभी कॉलर, पितळी बटणं, छातीवरच्या पांढऱ्या पट्ट्या, सगळं त्यांच्या हातात बसलेलं. कंपनीच्या शिपायाचं चित्र त्यांनी चष्मा वर करून नीट पाहिलं आणि म्हणाले, "झालर नाही? खांद्यावर सोनेरी झुपके नाही? गरीब बँड आहे मग." कापड ३४० रुपये मीटर, शिलाई ११०० कोटामागे, चौदा कोट. पहिला कोट आला तेव्हा त्यावर झालर होतीच. आमच्या प्रेमापोटी लावली होती. उसवायला सांगताना फार जड गेलं.

कोट चौदा, घालणारे तीन. जो तो म्हणे मी घोडेस्वार होतो, मी अरब होतो, मी तोफेमागे उभा राहतो, पण तो लाल कोट नको. एकाची आजी म्हणाली, आपल्या घरात इंग्रजाचा कोट येणार नाही. मी त्यांना समजवायला गेले आणि बोलता बोलता लक्षात आलं की या कोटात इंग्रज नव्हतेच, साहेब तेवढे गोरे, बाकी तामिळ आणि तेलुगू मुलुखातली शेतकऱ्यांची पोरं. मग मास्तरांनी एक गोष्ट शोधून आणली ती मला अजून सुटत नाही. १८०६ मध्ये वेल्लोरला शिपायांनी बंड केलं, त्याचं एक मोठं कारण नवीन टोपी, चामडं लावलेली, ती घालायला नकार. बंड मोडल्यावर त्या पलटणींचे नंबरच काढून घेतले आणि त्यांच्या जागी नव्या नंबरच्या पलटणी उभ्या केल्या. बर्डीवर लढलेली २४ वी त्यातलीच. बर्डीनंतर बक्षीस म्हणून त्यांनी मागितलं काय, तर आपला जुना १ नंबर परत द्या. म्हणजे जे लोक अकरा वर्षांपूर्वी एका टोपीसाठी उठले होते तेच इथे आपल्या बर्डीवर लाल कोट घालून भोसल्यांवर गोळ्या झाडत होते, कलंक पुसायला. मी त्या आजींना हे सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "असू दे, तरी नको." नातू अरब झाला.

मग मीच घातला. बायका नव्हत्या हो तेव्हा पलटणीत, हे मला किमान वीस लोकांनी सांगितलं, तर मी म्हणायचे बरोबर आहे, घ्या मग कोट. कोणी घेतला नाही. शेवटी आमच्या चौदा शिपायांत पाच बाया होत्या, आणि खरं सांगते, कवायतीत आम्हीच बऱ्या होतो.

कवायत शिकवायला कामठीचे एक निवृत्त सुभेदार काका मिळाले. कामठी छावणी इथून पंधरा-सोळा किलोमीटर, त्या भागात फौजेतली माणसं भरपूर, विचारत गेलात तर कोणी ना कोणी भेटतंच. काका दर रविवारी सकाळी सहाला मैदानावर हजर, आम्ही साडेसहाला. दुसऱ्या रविवारी त्यांनी आम्हाला साडेसातपर्यंत नुसतं उभं केलं. पुढची रांग गुडघ्यावर, मागची उभी, हुकमावर बंदूक खांद्याला, पुन्हा हुकमावर भरायची. ठासणीची बंदूक भरायला किती पायऱ्या असतात हे हातांनी करून बघितल्याशिवाय कळत नाही, काडतूस दातांनी फोडा, दारू ओता, गोळी सोडा, गजाने ठासा, आणि हे सगळं समोरून अरब धावत येत असताना. नाटकवाला सारखा विचारायचा, काका चेहऱ्यावर भाव काय ठेवायचा? काका म्हणाले, "भाव राहू द्या, आधी डावा पाय उचला."

बंदुका लाकडाच्या. लकडगंजमधल्या एका सुतारकाकांनी नगाला ८५० रुपयांनी करून दिल्या, नळीला काळा रंग. तलवारी पण लाकडी, त्यावर चंदेरी पट्टी. पोरांचा फार विरस झाला, पण इथे माझ्या बाबांनी मध्यस्थी केली. बाबा अंबाझरीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून रिटायर झालेत, घरात दिवाळीला फुलबाजी लावतानाही बादली जवळ ठेवणारा माणूस. त्यांनी दोन नियम घालून दिले, खरी धार नाही आणि दारूला हात नाही, सुतळी बॉम्बची अर्धी दारू वगैरे जुगाड तर अजिबातच नाही. धूर कसा दाखवायचा यावर मग चिक्कार डोकं चालवलं आणि शेवटी धूर सोडूनच दिला, आवाजावर भर दिला. बंदुकीची फैर म्हणजे ताशाची एक तर्री आणि तोफ म्हणजे नगारा. ढोलताशा पथकातली चार पोरं उधार आणली. विश्वास ठेवा, मैदानावर चौदा बंदुका एकदम उठल्या आणि ताशा कडाडला की पोटात धस्स होतं, धुराची आठवणही येत नाही.

धारेबद्दल कायद्याचं पण सांगते कारण सगळ्यांना हेच हवं असतं. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची तलवार, खंजीर, भाला ही शस्त्रं धरली जातात, घरगुती आणि शेतीची हत्यारं वेगळी. शिवाय शहरात पोलीस आयुक्तांचे महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खालचे मनाई आदेश वेळोवेळी असतात, त्यात सार्वजनिक ठिकाणी हत्यार नेणं बसत नाही. बाईकच्या मागे तलवारी बांधून सरावाला जाणं म्हणजे आपणहून लफडं. आम्ही लाकडी वस्तूसुद्धा पोत्यात बांधून, सोबत संस्थेचं पत्र ठेवून न्यायचो. आणि आजच्या लष्कराच्या वर्दीसारखं काही घालू नका. आपण सैनिक आहोत असं लोकांना वाटावं म्हणून तसा वेश घालणं हा नव्या न्याय संहितेच्या कलम १६८ खाली गुन्हा आहे. दोनशे वर्षांपूर्वीचा कोट चालतो. आमच्यातल्या एकाने लाल कोटाखाली कॉम्बॅट पँट घातली होती, सुभेदार काकांनी त्याला मैदानाबाहेर काढलं.

पोलीस परवानगीचा अर्ज ९ सप्टेंबर २०२४ ला दिला. तारीख २४ नोव्हेंबर, रविवार. खरी तारीख २६, पण २६ ला संविधान दिन, शहरात कार्यक्रम आणि बंदोबस्त, म्हणून आधीचा रविवार धरला. अर्ज आधी स्थानिक ठाण्यात, तिथून वर अभिप्रायासाठी फिरतो. सोबत मैदानमालकाचं पत्र, अग्निशमनची ना हरकत, वाहतूक शाखेची ना हरकत, ध्वनिक्षेपकाचा वेगळा अर्ज, सहभागी लोकांची यादी आधारसकट, स्वयंसेवकांची यादी, मैदानाचा हाताने काढलेला नकाशा. अर्जात मी जमावबंदीचं कलम १४४ लिहिलं होतं, तर मला समजावून सांगितलं की मॅडम जुलैपासून नवे कायदे आलेत, ते आता १६३ झालं. इंटरनेटवरचे जुने नमुने जसेच्या तसे कॉपी करू नका.

ठाण्यातले साहेब चांगले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, शेवटी कोण जिंकतं?

"इंग्रज, साहेब."

"मग कायले करता?"

याचं उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हतं. मी भाच्याचा किस्सा सांगितला. ते हसले आणि यादीतल्या दांडपट्ट्यावर बोट ठेवलं, हे काय? आमच्या आखाड्याच्या वस्तादकाकांचा खरा जुना पट्टा होता, सुरुवातीला पाच मिनिटं प्रात्यक्षिक करायचं असं ठरलं होतं. मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, साहेब, दांडपट्टा तर २०२४ ला राज्यशस्त्र म्हणून जाहीर झालाय. साहेब म्हणाले, "राज्यशस्त्र असंल ना. पण शस्त्रच आहे ना?"

पट्टा यादीतून निघाला. वस्तादकाकांनी तीन दिवस फोन उचलला नाही.

१५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली. आमचा अर्ज नाकारला वगैरे कोणी नाही, फक्त कोणाकडे वेळच नव्हता, आणि ते बरोबरच होतं, २० ला मतदान, २३ ला मतमोजणी आणि २४ ला आम्ही लाकडी बंदुका घेऊन मैदानात! मीच पत्र देऊन तारीख मागे घेतली. त्या रात्री खूप रडले, खोटं कशाला बोलू. कार्ड छापून झाले होते, २,८०० पाण्यात. मंडपवाल्याने ॲडव्हान्सचे अर्धेच परत केले. ग्रुपवर चार जण "लेफ्ट" झाले, त्यात दोन कंपनीचे शिपाई. तुम्ही नागपुरात काही करणार असाल तर आधी कॅलेंडरवर निवडणुका बघा, मग डिसेंबर सोडून द्या, कारण हिवाळी अधिवेशन असलं की सगळा बंदोबस्त सिव्हिल लाइन्सकडे. जानेवारीत संक्रांतीच्या दोन दिवस आधी-नंतर नको, आकाशात पतंग आणि खाली मांजा. १२ ला जिजाऊ जयंती, आमची अर्धी फौज सिंदखेडराजाला. राहिला १९ जानेवारी २०२५. नवा अर्ज, सगळ्या ना हरकती पुन्हा, स्टॅम्प पेपरही तोवर शंभराचा पाचशे झालेला.

परवानगीचं पत्र हातात पडलं १७ तारखेला, शुक्रवारी संध्याकाळी सहा चाळीसला. अठरा अटी. वाचताना माझे हात थरथरत होते आणि मी फक्त "नाकारण्यात" हा शब्द शोधत होते. तो नव्हता. आम्ही दोघी-तिघी तिथेच बाहेर रस्त्यावर तर्री पोहे खाल्ले, जिभेला चटका बसला तरी कळलं नाही.

प्रयोगाचा दिवस भर्रकन गेला. पहाटे पाचला मैदान, थंडी मरणाची, त्यामुळे निदान तो कोट पहिल्यांदा बरा वाटला, ऑक्टोबरच्या सरावात त्यात उकडून निघालो होतो. ॲम्ब्युलन्स साडेतीन हजार, ती हवीच, साऊंड नऊ हजार. खुर्च्या तीनशे मांडल्या, माणसं त्याच्या दुप्पट तरी असतील. टेकड्यांसाठी मुरूम टाकून दोन उंचवटे केले होते, मोठा आणि छोटा, ट्रॅक्टरवाल्याने चुकून दोन्ही सारखेच केले. निवेदन मास्तरांचं, आणि निवेदनाशिवाय कधीही करू नका, लोकांना मैदानात नुसती धावपळ दिसते, कोण कुठली टेकडी घेतंय काही समजत नाही. घोडे आम्हाला परवडले नाहीत म्हणून फिट्झजेराल्डचं घोडदळ म्हणजे सहा पोरं, कमरेला कापडी घोडे. लोक हसतील अशी धास्ती होती, हसलेच, पण ते धावत आल्यावर ताशा इतका चढला की हसू थांबलं.

आम्ही छोट्या टेकडीवर होतो. अरब चढून येतात आणि आमच्यातले अर्धे पडतात, त्यात मी. तिसऱ्या फैरीनंतर पडायचं ठरलेलं, मी पडले ते नेमकी मुरमावर, गुडघा तिथेच गेला. पडल्यावर पुढची बारा मिनिटं मला मरून राहायचं होतं. डोळे किलकिले करून पाहत होते. टेकडी गेली तेव्हा पब्लिकने जो आरडाओरडा केला, शिट्ट्या, हरहर महादेव, पोरं खुर्च्यांवर उभी. कोणीतरी आमच्या दिशेने संत्र्याची साल फेकली ती माझ्या कानापाशी पडली. मग तो दारूगोळ्याचा स्फोट, नगाऱ्यावर दोन्ही टिपऱ्या एकदम, आणि आमचे उरलेले सात जण टेकडी चढायला लागले. तेव्हा मैदानात अशी शांतता झाली की मला सुभेदार काकांचं पुटपुटणं ऐकू येत होतं, डावा, डावा, डावा. कोणी टाळी वाजवली नाही. मास्तरांनी ३६७ चा आकडा सांगितला, भोसल्यांकडचे किती गेले त्यावर ते फक्त म्हणाले की त्यांची नावं आपल्याकडे लिहिलेली नाहीत. हे स्क्रिप्टमध्ये नव्हतं.

नंतर त्या लाल कोटवाल्या आजी, म्हणजे "तरी नको" वाल्या, माझ्यापाशी आल्या. माझ्या गुडघ्यावर बर्फ होता. त्यांनी कोटाची बाही चिमटीत धरून पाहिली, बोटांनी चोळली आणि म्हणाल्या, कापड चांगलं आहे गं. एवढंच.

एकूण हिशोब विचारणाऱ्यांसाठी, नोंदणीपासून प्रयोगापर्यंत सगळं धरून १,३८,००० च्या आसपास गेले. त्यातले साठ हजार आमच्या खिशातले, बाकी देणग्या, मैदानाची दहा हजार अनामत मुरूम उचलून दिल्यावर परत मिळाली. आता मार्चअखेर हिशोब बंद करून ऑडिट करायचं आहे, आणि दोन विश्वस्त बदलले त्याचा बदल अर्ज नव्वद दिवसांत द्यायचाय, तो पण मीच टाईप करणार.

आणि कोट. धुतल्यावर रंग थोडा गेला, काहींचा जरा गुलाबी झाला. मागच्या आठवड्यात टेलरकाकांचा फोन, ताई लग्नसराई आहे, एका पथकाचे ड्रेस वेळेत झाले नाहीत, तुमचे सात-आठ कोट दोन दिवस भाड्याने देता का, नगाला दीडशे देतो. समितीत ठराव घेतला, सर्वानुमते मंजूर. काल रात्री ऑफिसमधून येताना मानेवाड्याच्या चौकात एक वरात आडवी आली, आणि समोर ट्रम्पेट वाजवत माझा कोट चालला होता, खांद्यावर सोनेरी झुपके लावलेले.